काठी दोन मीटरची. पण खरेच दोन मीटरची आहे काय?

मालेगावात लेथचे काम करणारे आमचे एक स्नेही आहेत. पॉवरलूमचे सुटे भाग बनविण्यात त्यांची हयात गेली. आसपासचे लोक त्यांना उस्ताद म्हणतात आणि तो मान त्यांनी हाताच्या हुनरावर मिळविला आहे. २०२३ च्या पावसाळ्याआधीची गोष्ट. जमिनीची मोजणी करणारा एक तरुण त्यांच्याकडे एक काठी घेऊन आला. काठीच्या खालचे पोलादी टोक दगडाच्या फटीत अडकून मोडले होते. मोडलेला तुकडा त्याच्याजवळ नव्हता. उस्तादांनी सळईचा तुकडा लेथला लावला, आटे पाडले, टोक काढून दिले. अर्ध्या तासाचे काम आणि किरकोळ मजुरी. तरुण "शुक्रिया चाचा" म्हणून निघून गेला.

पंधरा दिवसांनी एक ठेकेदार तणतणत दुकानात आला. गावाबाहेरच्या एका प्लॉटिंगमध्ये त्याने काँक्रीटची गटार बांधली होती. पाणी सोडून पाहिले तर मध्येच एका ठिकाणी चार-साडेचार मीटर लांबीत पाणी साचून राहिले. गटार फोडून पुन्हा बांधावी लागणार होती. मोजणीवाल्या तरुणाने सारा दोष नव्या टोकावर ढकलला होता. उस्ताद म्हणाले, "जनाब, टोक सरळ आहे, आटे घट्ट बसतात, मग माझी चूक कोणती?"

आम्ही त्या दिवशी योगायोगाने तेथेच होतो. चूक कोणाची, हा प्रश्न आम्हालाही पडला. दोन दिवस जागेवर जाऊन, जाणकारांना विचारून जे समजले ते आमच्या कारागीर आणि व्यापारी बांधवांसमोर ठेवत आहोत. अशी काठी आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात दुरुस्तीला येणार आहे, आणि आपल्या घराचा, गोदामाचा किंवा कारखान्याचा पाया याच काठीच्या मापावर आखला जाणार आहे.

ही काठी करते काय?

जुन्या काळी मोजणीदार साखळी घेऊन येत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होता. पुढे फलक आला, नंतर ईटीएस यंत्र आले. आता उपग्रहाच्या आधाराने मोजणी होते. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागातही रोव्हर नावाचे यंत्र वापरात आले आहे. खाजगी मोजणीदार, रस्त्याचे ठेकेदार आणि प्लॉटिंगवाले तेच वापरतात.

रोव्हर म्हणजे उपग्रहाचे संदेश पकडणारा ॲन्टेना. तो एका काठीच्या माथ्यावर आट्यांनी बसवितात. काठीचे टोक जमिनीवरील खुणेवर टेकवून काठी सरळ उभी धरली की यंत्र आपली जागा सांगते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उपग्रहाला जमिनीवरची खूण दिसत नाही. यंत्र मोजते ते वर बसलेल्या ॲन्टेनाची जागा आणि उंची. जमिनीची उंची काढण्यासाठी त्यातून काठीची लांबी वजा करावी लागते. ही लांबी यंत्र स्वतः मोजत नाही. माणूस ती हातातल्या कंट्रोलरमध्ये भरतो. माणसाने २.००० मीटर भरले की यंत्र निमूटपणे २.००० मीटर वजा करते. काठी प्रत्यक्षात तेवढी आहे की नाही, याची त्याला खबर नसते.

यंत्राची किंमत काही लाखांत आणि काठीची काही हजारांत. पण लाखांच्या यंत्राचे उत्तर शेवटी काठीच्या लांबीवर टेकलेले असते.

आमच्या स्नेह्यांच्या प्रकरणात काय झाले?

गटारीला २०० मीटरला १ मीटर ढाळ द्यायचा होता. रीतीप्रमाणे काम खालच्या तोंडाकडून वर सुरू झाले. निम्म्या गटारीच्या पातळ्या जुन्या टोकाने लावल्या गेल्या. मग टोक मोडले. नवे टोक आले आणि वरच्या निम्म्या भागाच्या पातळ्या त्या काठीने लावल्या. कंट्रोलरमधील आकडा मात्र २.००० हाच राहिला.

आम्ही काठी फरशीवर आडवी ठेवून पोलादी टेपने मोजली, तेव्हा ती २.०२२ मीटर भरली. नवे टोक जुन्यापेक्षा २२ मिलिमीटर लांब होते. काठी लांब म्हणजे ॲन्टेना २२ मि.मी. वर गेला, पण वजाबाकी जुन्याच लांबीची झाली. म्हणून यंत्राला प्रत्येक जागा खऱ्यापेक्षा २२ मि.मी. उंच दिसू लागली. "अजून उंच आहे, आणखी खोदा" असे यंत्र सांगत राहिले आणि मजूर खोदत राहिले. परिणामी वरचा भाग २२ मि.मी. खाली गेला. २०० ला १ या ढाळात २२ मि.मी. म्हणजे ४.४ मीटर लांबीचा उतार. पाणी नेमके तेवढ्याच लांबीत साचले होते.

जवळच्या पुलाच्या कठड्यावर कामाची ठरलेली पातळी रंगाने लिहिलेली होती, १००.००० मीटर. टोक बदलल्यावर काठी एकदा त्या खुणेवर ठेवली असती तर चूक तेथेच सापडली असती. आम्ही ती ठेवून पाहिली. दहा रीडिंग घेतली. उपग्रहाच्या मोजणीत उंचीला एक-दोन सेंटीमीटरचे खालीवर होतच असते, त्यामुळे दहाही रीडिंग सारखी नव्हती. पण सगळी वरच्याच बाजूला झुकली होती आणि सरासरी दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली. यंत्राची चूक कधी वर, कधी खाली असते. दहा वेळा मोजले की ती बरीचशी विरते. काठीची चूक शंभर वेळा मोजले तरी तेवढीच राहते. म्हणून ती अधिक घातक.

जुने जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे. गटारीच्या ढाळासारख्या बारीक पातळीच्या कामाला लेव्हल मशीनच योग्य. रोव्हर वापरला तरी शेवटची पडताळणी लेव्हल मशीनने करावी.

लांबी कोठून कोठपर्यंत मोजावी?

खालचे माप टोकाच्या अणीपासून सुरू होते, याबद्दल वाद नाही. वरचे माप संपते ते ॲन्टेनाच्या तळाशी, म्हणजे ॲन्टेना ज्या सपाट बैठकीवर टेकतो तेथे. आट्यांचा उभा खुंट ॲन्टेनाच्या आत जातो, म्हणून तो मापात धरायचा नाही. ॲन्टेनाच्या आत संदेश प्रत्यक्ष ज्या बिंदूवर पकडला जातो तो तळापासून काही सेंटीमीटर वर असतो. तेवढे अंतर यंत्र स्वतः मिळविते. मात्र त्यासाठी कंट्रोलरमध्ये ॲन्टेनाचे मॉडेल बरोबर निवडलेले असावे लागते. मॉडेल चुकीचे निवडले तर काठी अचूक असूनही उंची काही सेंटीमीटरने चुकू शकते.

काठीवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये. अनेक जण काठी आणि ॲन्टेना यांच्यामध्ये चटकन काढता येणारा जोड बसवितात. त्याची जाडी छापील आकड्यात धरलेली असेलच असे नाही. म्हणून कामावर वापरायची तशीच काठी जोडावी, टोक भिंतीला किंवा उभ्या पोलादी पट्टीला टेकवावे, वरच्या बैठकीला गुण्या लावावा आणि टेपने मिलिमीटरपर्यंत वाचावे. काठी १.८ आणि २.० अशा दोन ठिकाणी अडकत असेल तर दोन्ही मापे घ्यावीत.

काठी तिपाईवर, खुणेच्या वर ठेवलेल्या ॲन्टेनाची गोष्ट वेगळी आहे. तेथे मध्ये तिपाई येत असल्याने टेप सरळ उभा धरता येत नाही. तो खुणेपासून ॲन्टेनाच्या कडेपर्यंत तिरका जातो. तिरके माप नेहमी उभ्या मापापेक्षा जास्त असते. समजा तिरके माप १.५०० मीटर आले आणि कड मध्यापासून ९ सेंटीमीटरवर आहे, तर कडेची उभी उंची १.४९७ मीटर भरते. कड १७ सेंटीमीटरवर असेल तर १.४९० मीटर. म्हणजे ३ ते १० मि.मी.चा फरक. बहुतेक यंत्रांत माप तिरके आहे की उभे, हे निवडण्याची सोय असते आणि कडेपासून तळापर्यंतचा फरकही यंत्रच धरते. माप तिरके घेऊन "उभे" निवडणे, ही नेहमी होणारी चूक आहे.

चूक झालीच तर दुरुस्ती

सुदैवाने ही चूक दुरुस्त करता येते, पण एका अटीवर. भरलेली लांबी आणि खरी लांबी, दोन्ही माहीत पाहिजेत आणि चूक कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत झाली, तेही माहीत पाहिजे.

हिशेब सोपा आहे. यंत्राने दिलेल्या जमिनीच्या उंचीत भरलेली लांबी मिळवावी आणि त्यातून खरी लांबी वजा करावी. उदाहरणार्थ, मोजणीदाराने झुडपाच्या अडचणीमुळे काठी १.८०० वर उतरविली आणि आकडा २.००० हाच राहिला. यंत्राने उंची ९९.३४५ दाखविली. मग ९९.३४५ अधिक २.००० वजा १.८०० म्हणजे ९९.५४५. ही खरी उंची. काठी भरलेल्या आकड्यापेक्षा आखूड असेल तर उंची कमी दिसते, लांब असेल तर जास्त दिसते. हा एक नियम ध्यानात ठेवला तरी मिळवायचे की वजा करायचे, हा गोंधळ होत नाही.

ज्या कामात दुसरा ॲन्टेना एका ठरलेल्या खुणेवर तिपाईवर उभा करतात, त्याला बेस म्हणतात. बेसची उंची चुकली तर हिशेब उलटा होतो. रोव्हरच्या काठीची लांबी जास्त भरली तर उंच्या कमी येतात. बेसची उंची जास्त भरली तर सगळ्या उंच्या जास्त येतात. आणि दोन्हीकडे सारखीच चूक झाली तर एक चूक दुसरीला झाकते. काम बरोबर दिसते आणि दुसऱ्या दिवशी एकच आकडा सुधारला की सारे बिघडते.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लांबीचा आकडा मागाहून बदलून हिशेब नव्याने करता येतो. पण तीन गोष्टी पाळाव्यात. मूळ नोंद पुसू नये, तिची प्रत वेगळी ठेवावी. चुकीच्या लांबीने घेतलेले बिंदू तेवढेच सुधारावेत, सगळ्या कामाला सरसकट एक आकडा लावू नये. सुधारल्यानंतर त्यातील तीन-चार बिंदू जागेवर जाऊन पुन्हा मोजावेत. ईटीएस यंत्राबरोबर वापरल्या जाणाऱ्या प्रिझमच्या काठीलाही हाच नियम लागू आहे, कारण तिची उंचीही माणूसच भरतो.

काठी तिरकी असेल तर?

अनेकांना वाटते की काठी तिरकी धरल्यास उंची चुकते. उंची फारशी चुकत नाही, जागा चुकते. दोन मीटरची काठी एक अंशाने कलली तर उंचीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही, पण जागा ३५ मि.मी. सरकते. पाच अंश कलली तर उंचीत साडेसात मि.मी. आणि जागेत १७ सेंटीमीटर. म्हणून शेताच्या बांधाचा किंवा प्लॉटच्या हद्दीचा प्रश्न असेल तेव्हा काठीवरची गोल पाणसळ आधी पाहावी. गटार, फरशी, पाया यांचा प्रश्न असेल तेव्हा लांबी आधी पाहावी.

पाणसळ तपासणे सोपे आहे. काठी आधाराच्या दोन पायांवर पक्की उभी करून बुडबुडा मध्ये आणावा. मग टोक न हलविता काठी अर्धा फेरा फिरवावी. बुडबुडा मध्येच राहिला तर ठीक. सरकला तर निम्मी चूक पाणसळीच्या स्क्रूने आणि निम्मी आधाराच्या पायाने काढावी आणि पुन्हा फिरवून पाहावे.

नव्या काही रोव्हरमध्ये काठी तिरकी धरली तरी हिशेब करण्याची सोय आहे. पण त्यालाही काठीची खरी लांबी लागतेच. २२ मि.मी.ची चूक असलेली काठी ३० अंशांनी तिरकी धरली तर ११ मि.मी. जागेतही चूक येईल.

आणखी दोन किरकोळ वाटणारी कारणे आहेत. ओल्या मातीत टोक दोन-तीन सेंटीमीटर रुतते आणि तेवढी जमीन खाली दिसते. अशा ठिकाणी टोकाखाली रुंद पावली लावावी. काही काठ्यांची पकड सैल होऊन वरची नळी दिवसभरात हळूहळू खाली सरकते. म्हणून काम सुरू करताना मोजलेली लांबी काम संपतानाही मोजावी. ॲल्युमिनियमची काठी उन्हाने वाढते, हे खरे. पण २० अंशांच्या फरकाने दोन मीटरला एक मिलिमीटरही वाढत नाही. तेवढ्याची चिंता नको.

लेथवाल्या बांधवांसाठी

आता उस्तादांच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचे टोक सरळ होते, आटे बरोबर होते. पॉवरलूमच्या बहुतेक भागांत जे तपासतात ते सर्व त्यांनी तपासले होते. फक्त ही वस्तू माप देणारी आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अशी काठी दुकानात आली तर पुढील गोष्टी कराव्यात.

मोडका तुकडा मागून घ्यावा. तो नसेल तर मालकाला पूर्ण लांबी किती हवी ते विचारावे आणि काठीच्या वरच्या बैठकीपासून खालच्या तोंडापर्यंत मोजावे. काठी १.९१२ भरली आणि पूर्ण लांबी २.००० हवी, तर टोक तोंडाबाहेर ८८ मि.मी. आले पाहिजे.

टोकाचा खांदा काठीच्या तोंडाला सगळीकडून टेकला पाहिजे. मध्ये वायसर घालून घट्ट करू नये. वायसरची जाडी थेट उंचीत जाते.

वरच्या बैठकीचे आटे सहसा पाच-अष्टमांश इंच, इंचाला ११ असे असतात. विटवर्थच्या पाच-अष्टमांशालाही इंचाला ११ च आटे असतात, पण त्याचा कोन ५५ अंशांचा आणि याचा ६० अंशांचा. एकमेकांत ते फिरल्यासारखे वाटतात, पण नीट बसत नाहीत. टोकाचे आटे कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून ते गेज लावूनच पाहावेत.

नरम सळईचे टोक डांबर आणि काँक्रीटवर लवकर झिजते. झिजले की काठी आखूड होते आणि जमीन खाली दिसू लागते. शक्य असेल तेथे चांगले पोलाद घ्यावे आणि अणीला पाणी द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मजुरी घेताना एक चिठ्ठी द्यावी: तारीख, जुनी लांबी माहीत असल्यास ती, आणि दुरुस्तीनंतरची पूर्ण लांबी. तीच लांबी काठीवर पक्क्या शाईने लिहावी.

काम देणाऱ्यांसाठी

आपण गोदाम बांधा की दुकानासमोरची गटार, मोजणीवाल्याला तीन गोष्टी विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आज काठीची लांबी कधी मोजली? काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर माहीत पातळीच्या खुणेवर काठी ठेवली काय? ती रीडिंग वहीत लिहिली आहेत काय? जो मनापासून काम करतो त्याला हे प्रश्न खटकणार नाहीत.

उंचीचे हे महत्त्व आजचे नाही. अकराव्या शतकात अलबिरूनीने पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ, जो भाग आज पाकिस्तानात आहे, पृथ्वीचा आकार मोजला. डोंगरावरून क्षितिज किती अंश खाली दिसते, यावर त्याची रीत होती. पण त्याआधी त्याने त्या डोंगराची उंची काढली. ती चुकली असती तर पुढचा सारा हिशेब चुकला असता.

शेवट काय झाला?

उस्ताद, ठेकेदार आणि मोजणीवाला तरुण एकत्र बसले. तरुणाने कबूल केले की टोक बदलल्यावर लांबी मोजणे हे त्याचे काम होते. उस्ताद म्हणाले की लांबी लिहून देणे आपल्यालाही जमले असते. ठेकेदाराने मान्य केले की काँक्रीट ओतण्यापूर्वी लेव्हल मशीन लावण्याचा खर्च त्याने वाचविला होता. फोडकामाचा खर्च ठेकेदाराने आणि तरुणाने वाटून घेतला. उस्तादांनी टोक २२ मि.मी. कमी करून दिले आणि त्याची मजुरी घेतली नाही.

मापात पाप नको, असे आपण तराजू धरणाऱ्याला सांगतो. पण नियत साफ असूनही माप चुकू शकते आणि नुकसान तेवढेच होते. उस्तादांच्या लेथशेजारी आता एक छोटी वही टांगलेली असते. मोजणीची काठी आली की तिच्यात ते दोन आकडे लिहितात, आलेली लांबी आणि गेलेली लांबी. त्या वहीची किंमत वीस रुपये असेल. आमच्या प्रत्येक कारागीर बांधवाच्या दुकानात अशी एक वही असावी, एवढेच आमचे सांगणे आहे.